सगळं येतं, पण विचारलं तेवढं लिहीत नाहीत

पत्र:

नमस्कार मॅडम, मी नागपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, बीएच्या तिसऱ्या वर्षाला. वर्गात ४३ मुलं आहेत, निम्मी उमरेड, कुही, काटोलकडून रोज एसटीने अपडाऊन करतात. अभ्यास करतात हो, पण मोठा प्रश्न आला की त्या धड्यातलं जे जे आठवतं ते सगळं ओतून मोकळी होतात, प्रश्न कसाही फिरवून विचारा उत्तर तेच. आधी मुद्दे काढा म्हटलं की "मॅडम, टाइमच नाही पुरत". एक मुलगी आहे, तोंडी विचारलं तर इतकं नेमकं बोलते की ऐकत राहावं, आणि चाचणीत तिला १६ पैकी ५. तिचा पेपर समोर घेऊन मी अर्धा तास नुसती बसून होते. काहीजण राज्यसेवेचा अभ्यास करताहेत, तिथेही आता मुख्य परीक्षा लिहायची झाली. सीनियर मंडळी म्हणतात मॉडेल आन्सर लिहून द्या, पाठ करतील, पास होतील. मन मानत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. काय करू?
– मानेवाड्याची एक वाचक

उत्तर:

ताई, पेपर समोर घेऊन अर्धा तास बसलात ना, तिथेच तुमचं अर्धं काम झालंय. बरेचजण ५ मार्क टाकून पुढचा पेपर ओढतात. मी पण कितीतरी वर्षं तेच केलं.

आधी एक गोष्ट. तुम्ही म्हणता मुलांना उत्तर लिहिता येत नाही. मला वाटतं तसं नाहीये. लिहिता येतं, प्रश्न वाचता येत नाही. आणि ही त्यांची चूक नाही हो, कारण पाचवीपासून बारावीपर्यंत त्यांना प्रश्न वाचायची वेळच आली नाही. धड्याखाली स्वाध्याय असतो, स्वाध्यायाचं उत्तर गाईडमध्ये असतं, गाईडमधलं उत्तर वहीत येतं आणि तेच पेपरात उतरतं. या सगळ्या प्रवासात प्रश्नाचं काम फक्त पाटीचं, दुकानावर लावतात तशी, आत काय माल आहे ते कळावं म्हणून. मुलाची नजर "नागपूर करार" या दोन शब्दांवर पडते आणि हात चालू. पुढे "का" लिहिलंय की "कितपत" लिहिलंय की "तुलना करा" लिहिलंय, हे त्याच्या डोळ्यांना दिसतं पण मेंदूपर्यंत जात नाही, कारण आजपर्यंत त्या शब्दांनी कधी काही फरक पडलाच नाही.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली. एकदा एप्रिलमध्ये पेपर तपासायला बसलो होतो, कूलर नुसता गरम हवा फेकून राहिला होता, आणि माझ्या हातात एक पेपर आला. सात पानं. अक्षर मोत्यासारखं, सनावळी सगळी बरोबर, एक नाव चुकलेलं नाही. पण प्रश्न होता "कितपत यशस्वी झाली" आणि सात पानांत "इतपत" असं कुठेच नव्हतं. मी सहा मार्क दिले, नियमाने तेवढेच बसत होते. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तो पेपर डोक्यातून जाईना, कारण ती मुलगी कोणीही असो, तिला कोणीतरी माझ्यासारख्याच बाईने शिकवलं असणार, सगळा सिलॅबस पूर्ण करून दिला असणार, आणि "कितपत" या एका शब्दाचं काय करायचं ते सांगायचं राहून गेलं असणार. मी माझ्या वह्या काढून पाहिल्या, मी पण कधीच शिकवलं नव्हतं. "प्रश्न नीट वाचा" असं शंभरदा म्हटलं होतं, पण नीट वाचणं म्हणजे नेमकं काय करणं हे एकदाही करून दाखवलं नव्हतं.

तर सुरुवात इथून करा. पहिला तास असा घ्या ज्यात मुलं एकही उत्तर लिहिणार नाहीत. फळ्यावर एकाच विषयावरचे चार प्रश्न लिहा. मी नागपूर करारच (विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून पुढाऱ्यांनी केलेला समझोता) घेत असे, कारण तो मुलांना पाठ असतो आणि विषय आपल्या घरचा आहे.

पहिला प्रश्न, नागपूर कराराच्या तरतुदी सांगा. दुसरा, नागपूर करार करण्याची गरज का भासली? तिसरा, अकोला करार आणि नागपूर करार यांची तुलना करा. चौथा, नागपूर कराराची अंमलबजावणी कितपत झाली, मूल्यमापन करा.

मग विचारा, या चारही प्रश्नांना एकच उत्तर चालेल का? मुलं आधी गप्प बसतात, मग कोणीतरी म्हणतं थोडं थोडं सगळ्यातच चालेल. तिथे थांबायचं आणि एकेक प्रश्न उलगडायचा. पहिल्यात फक्त काय ठरलं ते हवंय, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, हायकोर्टाचं खंडपीठ, विकासाचा पैसा आणि नोकऱ्या-शिक्षणातला वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात, बस. दुसऱ्यात या तरतुदी आल्याच तर पुरावा म्हणून येतील, मुख्य गोष्ट म्हणजे २८ सप्टेंबर १९५३ च्या आधी विदर्भातल्या लोकांना भीती कशाची वाटत होती, नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं, मुंबई राजधानी असलेल्या मोठ्या राज्यात गेलो तर आपल्याला कोण विचारेल ही ती भीती, आणि प्रत्येक तरतूद त्या भीतीला दिलेलं उत्तर आहे. हे एकदा दिसलं की मुलांना तरतुदी पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप आठवतात, हा वरचा फायदा.

तिसऱ्यात बहुतेक मुलं अर्धं पान अकोला करार आणि अर्धं पान नागपूर करार लिहितात आणि म्हणतात झाली तुलना. नाही झाली. तुलना म्हणजे एक फूटपट्टी घेऊन दोन्ही मोजणं. फूटपट्टी अशी की विदर्भाला वेगळं अस्तित्व किती मिळणार होतं? १९४७ च्या अकोला करारात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांची वेगवेगळी विधिमंडळं अशी कल्पना होती, आणि १९५३ मध्ये एकच राज्य आणि त्यात आश्वासनं. सहा वर्षांत वेगळ्या घरापासून एका घरातल्या वेगळ्या खोलीपर्यंत आलो, हे वाक्य एका मुलाचं आहे, माझं नाही, पण इतकी चांगली तुलना मी स्वतः कधी केली नसती.

आणि चौथा प्रश्न, त्यात तर तरतुदी नुसत्या सांगून काहीच होत नाही. प्रत्येक तरतुदीसमोर झालं, अर्धवट झालं, नाही झालं असं लिहावं लागतं आणि त्याला पुरावा लागतो. अधिवेशन होतं, खंडपीठ आहे. पण विकासाचं काय? अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागे राहिला ते, मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन करावी लागली, यावरूनच दिसतं की प्रमाणात वाटा द्यायचं वचन आपोआप पाळलं गेलं नव्हतं. पाहा, इथे दांडेकर समिती हा "अजून एक मुद्दा" राहिला नाही, ती साक्षीदार झाली. पहिल्या प्रश्नात हीच समिती लिहिली तर फुकट गेली, एक मार्क मिळणार नाही.

हा तास झाला की मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यांना पहिल्यांदा कळतं की प्रश्न हा विषय नसतो, विषयावर सांगितलेलं एक नेमकं काम असतं. "सांगा", "स्पष्ट करा", "कारणे द्या", "चर्चा करा", "परीक्षण करा", "मूल्यमापन करा", "तुमचे मत नोंदवा" यांची यादी करून अर्थ पाठ करायला मात्र देऊ नका, खूपजण देतात, आणि मग मुलं ती यादी पण गाईडसारखी पाठ करतात. त्यापेक्षा दर वेळी एकच विचारा की बाबा, हा प्रश्न तुला काय करायला सांगून राहिला? उत्तर त्यांच्या भाषेत येऊ द्या. "मॅडम, हा म्हणते दोन्ही बाजू सांग आन् मग तू कुठी उभा आहेस ते सांग." चर्चा करा याची इतकी चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही.

आता दुसरा तास, आणि हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. या तासाला तुम्ही स्वतः फळ्यासमोर उभं राहून, आधी तयारी न केलेला प्रश्न घेऊन, मोठ्याने विचार करायचा. मुलांनी आपल्याला नेहमी तयार उत्तर देतानाच पाहिलंय. आपण अडखळतो, एक मुद्दा लिहून खोडतो, "हे इथे बसत नाही" म्हणतो, हे त्यांनी कधीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्यांना वाटतं हुशार माणसाच्या डोक्यात उत्तर सरळ रांगेत येतं आणि आपल्या येत नाही म्हणजे आपण ढ. हा गैरसमज मोडायला दुसरा उपाय नाही.

मी घेतलेला प्रश्न सांगते. १९२० ते १९४२ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडातील राष्ट्रीय चळवळ कितपत लोकचळवळ झाली? चर्चा करा.

मी प्रश्नाचे तुकडे करायला लागले. "१९२० ते १९४२", हे कुंपण आहे, टिळकांचा काळ बाहेर, १९४७ बाहेर, गांधीजींचा जन्म आणि दक्षिण आफ्रिका तर लांबच (मुलं हसली, कारण अर्ध्या जणांची उत्तरं तिथूनच सुरू होत असत). "मध्यप्रांत-वऱ्हाड", म्हणजे इंग्रजांच्या काळातला आपला प्रांत, तेव्हा दांडी यात्रा नाही, चंपारण नाही, इथलं सांगा. "लोकचळवळ", हा शब्द सोपा वाटतो पण इथेच थांबायचं, कारण लोकचळवळ म्हणजे काय ते ठरवल्याशिवाय झाली की नाही कसं सांगणार? मी फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहिले, कोण आले, कुठून आले, आणि पुढारी नसताना पण आले का. आणि "कितपत" याला गोल केला. या गोलाचं उत्तर एका वाक्यात देता आलं तरच उत्तरपत्रिकेवर पेन टेकवायचा, असं सांगितलं.

मग आठवेल ते लिहायला लागलो, मी आणि मुलं मिळून. डिसेंबर १९२० चं नागपूर काँग्रेसचं अधिवेशन, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब, चार आणे वर्गणी, भाषावार प्रांतिक समित्या. १९२३ चा झेंडा सत्याग्रह, जमनालाल बजाज आणि त्यांना पकडल्यावर वल्लभभाई पटेल. १९३० चा जंगल सत्याग्रह, पुसदला बापूजी अणे. १९४२, चिमूर आणि आष्टी, तुकडोजी महाराजांची भजनं आणि त्यांची अटक. हे सगळं मुलांना येत होतं. म्हणजे मटेरियल पूर्ण होतं. आणि तुमची मुलं पण इथपर्यंत येतात, मला खात्री आहे, गाडी इथूनच पुढे जात नाही.

आता मी म्हटलं, हे सन लावून खाली खाली लिहिलं तर ते कॅलेंडर होईल, उत्तर नाही. प्रत्येकाला ते कोपऱ्यातले तीन प्रश्न विचारू. १९२० मध्ये चार आण्यांत कोणालाही सभासद होता येऊ लागलं, म्हणजे दार उघडलं, पण दार उघडणं आणि लोक आत येणं एक नाही. १९२३ मध्ये सत्याग्रही बाहेरच्या प्रांतांतूनही आले, त्यामुळे नागपूरचं नाव देशभर झालं, पण इथल्या खेड्यातला माणूस किती आला? हा पुरावा दोन्हीकडे चालतो, तर दोन्हीकडे बाण काढला. १९३० ला चित्र बदलतं, काहून? एका मुलाने सांगितलं, मॅडम, मीठ आपल्याइकडे कुठी बनते, जंगल आपलं आहे ना. बरोबर. गवत, लाकूड, चराई हे खेड्यातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यातलं, जंगलाचा कायदा त्याला रोज टोचत होता, म्हणून गवत कापणं हा सत्याग्रह त्याला समजावून सांगावा लागला नाही. आणि ऑगस्ट १९४२ ला तर मोठे पुढारी तुरुंगात गेलेले, तरी १६ तारखेला चिमूर आणि आष्टीत लोक स्वतः उठले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

इथपर्यंत सगळे खूश, आता लिहायचं म्हणून वह्या उघडल्या. मी म्हटलं "चर्चा करा" आहे, दुसरी बाजू कुठाय? वर्ग शांत. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर फारशी बोलली नव्हती, म्हणाली, मॅडम, मे १९२० मध्ये नागपुरातच शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद झाली होती, आणि जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचे जे दोन टोकं आहेत त्याच दोन वर्षी, याच शहरात, बाबासाहेबांच्या मागे जाणारे लोक वेगळे एकत्र येत होते, मग ही चळवळ सगळ्या लोकांची होती असं कसं म्हणायचं?

ताई, मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. तिला ही दोन्ही वर्षं घरून माहीत होती. पण ती वेगळ्या धड्यात होती, वेगळ्या पेपरात होती, आणि पाठ केलेल्या उत्तरात त्या धड्याला या धड्यात यायला जागाच नसते. प्रश्नाचे तुकडे केले, "लोक म्हणजे कोण" असं विचारलं, तेव्हा कुठे तिला तिचं घरचं ज्ञान उत्तरात आणता आलं. त्या दिवशी आम्ही फळ्यावर जे एक वाक्य लिहिलं ते असं होतं: चळवळ शहरातून खेड्याकडे आणि पुढाऱ्यांकडून लोकांकडे सरकत गेली, १९३० नंतर ती बऱ्याच अंशी लोकचळवळ झाली, पण समाजाचा एक मोठा भाग आपल्या मुक्तीचा वेगळा रस्ता शोधत होता म्हणून तिला सगळ्यांची चळवळ म्हणता येत नाही. "कितपत" चं उत्तर मिळालं. यानंतर लिहायला अठरा मिनिटं पुरली, घड्याळ लावून लिहिलं होतं.

तर प्लॅन म्हणजे हे. मुलं "मुद्दे काढले" म्हणून जे दाखवतात, प्रस्तावना, पार्श्वभूमी, कारणे, परिणाम, उपसंहार, त्याला मी प्लॅन मानत नाही, ते कोणत्याही उत्तरावर बसणारं झाकण आहे. प्लॅनमध्ये वर एक वाक्य पाहिजे ज्यात प्रश्नाला सरळ उत्तर आहे, आणि खाली तीन-चार आधार पाहिजेत, प्रत्येकासमोर तो आधार त्या वाक्याला कसा धरून आहे ते दोन शब्दांत. ज्या मुद्द्यासमोर ते दोन शब्द लिहिता येत नाहीत तो मुद्दा कितीही आवडता असला तरी कापायचा. मुलांना कापायला फार जीवावर येतं, इतकं पाठ केलेलं वाया जातं असं वाटतं. पहिले काही दिवस त्यांना तुमच्यासमोर कापायला लावा, एकदा सवय झाली की स्वतःच कापतात.

आता टाइमचं. त्यांची तक्रार खोटी नाही, भीती खरी आहे, तेव्हा रागावू नका, हिशोब करून दाखवा. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत २० प्रश्न असतात, म्हणजे एकेकाला सरासरी ९ मिनिटं, तिथे प्लॅनला एक-दीड मिनिटच, समासात पेन्सिलने चार शब्द. निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोनच निबंध, प्रत्येकी १२५ मार्कांचा, तिथे १५-२० मिनिटं नुसता विचार करणारा माणूस मागे पडत नाही. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेत पण २५० मार्कांचा निबंधाचा पेपर आहे, तुमच्या मुलांना हे आत्तापासून सांगा, कारण ती मुलं गोळे काळे करण्याच्या सवयीतून आली आहेत आणि चार पर्याय समोर नसताना कुठून सुरुवात करायची हाच त्यांचा मोठा प्रश्न आहे. आणि कॉलेजच्या पेपरात मोठ्या प्रश्नाला तीन-चार मिनिटं दिली तरी काही बिघडत नाही, कारण मुलांचा खरा वेळ जातो तो दुसऱ्या पानावर, जिथे लिहिता लिहिता थांबून आता काय लिहू म्हणून पंख्याकडे पाहत बसतात. एकदा प्रयोग करा, अर्ध्या वर्गाला थेट लिहू द्या, अर्ध्याला चार मिनिटं पेन खाली ठेवायला लावा, आणि दोघांची थांबलेली मिनिटं मोजायला शेजारच्याला बसवा. त्यांनी स्वतः मोजलं की तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

सराव पण प्लॅनचाच करा, पूर्ण उत्तरांचा नाही. एका तासात पाच-सहा प्रश्न, प्रत्येकाला पाच मिनिटं, अर्धं पान. यात तुमचा पण फायदा आहे, ४३ पूर्ण उत्तरं तपासायला चार संध्याकाळी जातात, आणि तासिकेचं मानधन घेणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळींचे कोणी पैसे देत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. ४३ प्लॅन तासाभरात पाहून होतात. फक्त दोन गोष्टी पाहायच्या, वरचं वाक्य प्रश्नाला उत्तर देतं का, आणि खालचे आधार त्या वाक्याचे आहेत का. शुद्धलेखन, अक्षर, भाषा, काही पाहू नका त्या वेळी. पूर्ण उत्तर पंधरा दिवसांतून एकच लिहून घ्या, ते मात्र मन लावून तपासा.

मॉडेल आन्सरबद्दल तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे, आधी देऊ नका. पण नंतर द्या, अगदी जरूर द्या, आणि एक नको, दोन द्या. एक सात पानांचं, सगळं बरोबर असलेलं पण प्रश्नाला बगल देणारं, आणि एक तीन पानांचं, मुद्द्यावरचं. कोणाचं आहे ते न सांगता मुलांनाच मार्क द्यायला लावा. पहिल्यांदा बहुतेक वर्ग सात पानांनाच जास्त मार्क देतो, मग प्रश्न परत वाचून घ्या आणि परत द्यायला लावा. अजून एक, प्रश्न झाकून फक्त उत्तर वाचायला द्या आणि विचारा, हा प्रश्न काय असेल? उत्तर चांगलं असेल तर मुलं प्रश्न जवळजवळ शब्दशः ओळखतात. उत्तर पसरट असेल तर प्रत्येकजण वेगळाच प्रश्न सांगतो. मग त्यांना स्वतःच्या जुन्या उत्तरावर हेच करायला सांगा, शेजाऱ्याला वाचून दाखव आणि प्रश्न ओळखायला लाव.

सीनियर मंडळींशी भांडू नका. नोट्स द्यायच्या तर द्या, पण उत्तरांच्या नाही, मटेरियलच्या द्या, सन, नावं, घटना, दोन्ही बाजूंचे पुरावे, वर प्रश्न न लिहिता. कोणी विचारलं तर नोट्स दिल्यात असंच आहे ते.

आता ती मुलगी, १६ पैकी ५ वाली. मला पत्रातला सगळ्यात जास्त तिचाच भाग लागला. जी तोंडी नेमकं बोलते तिला विश्लेषण येतं, प्लॅन पण येतो, तोंडी उत्तर देताना ती क्षणात तो करतेच. मग कागदावर काय होतं? मला दोन शक्यता दिसतात. एक तर तुम्ही समोर असता तेव्हा तुमचा चेहरा तिला सांगतो की प्रश्न काय आहे, तुम्ही मान हलवता, "पण का?" विचारता, आणि ती बरोबर तिकडे वळते. कागद मान हलवत नाही. दुसरी शक्यता भाषेची आहे, आणि आपल्याकडे ही फार असते. घरी ती बोलते आपली वऱ्हाडी-नागपुरी, पेपरात लिहायची पुस्तकातली मराठी, आणि त्या मराठीची भीती इतकी की स्वतःचा विचार सोडून पुस्तकाची वाक्यं जशीच्या तशी आठवायला लागते, कारण ती तरी चुकणार नाहीत. विचार तिचा, वाक्य दुसऱ्याचं, मग ते जुळत नाही.

तिच्यासाठी असं करा. तिला एक मैत्रीण द्या. प्रश्न वाचायचा, पेन न घेता दोन मिनिटं मैत्रिणीला उत्तर सांगायचं, जसं बोलते तसंच, "लोकं काहून आले" या भाषेत. मैत्रिणीने फक्त ऐकताना चार-पाच शब्द टिपायचे आणि मधेच "पण का?" विचारायचं, तुम्ही विचारता तसं. ती टिपलेली चिठ्ठी म्हणजे तिचा प्लॅन. मग ती समोर ठेवून लिहायचं. प्लॅन तिच्या बोलीत असू द्या, अगदी मुद्दाम असू द्या, पेपरात शेवटच्या पानावर कच्चं काम म्हणून लिहिलेल्या आणि मग एक आडवी रेघ मारलेल्या मजकुराला कोणी मार्क कापत नाही. उत्तराची भाषा नंतर सुधारते, लिहून लिहून सुधारते, ती आजची अडचण नाही. तीन-चार आठवड्यांनी मैत्रीण काढून घ्या आणि "पण का?" तिलाच स्वतःला विचारायला लावा, समासात लिहून. आणि तिचा तो जुना पेपर तिला परत द्या, मार्कांवर कागद चिकटवून, आणि म्हणा, हे तू मला तोंडी सांगितलं होतंस त्यातलं काय काय यात नाही ते शोध. ती शोधून काढेल बघा.

सोमवारी पहिल्या तासाला नागपूर कराराचे ते चार प्रश्न घ्या. महिनाभर हे चालवा, आणि मग मुलांच्या पाच-सहा प्लॅनचे फोटो मला पाठवा, नावं झाकून, चांगले निवडून नको, जसे आहेत तसे, त्यात तिचा एक पाहिजे. मी एकेकावर लिहून परत पाठवते.